मूल ‘संस्थेत टाकण्या’आधी : घर मोडू न देता मदत कशी मिळवायची

“ताई, हिला कुठं ठेवून घेता का? माझ्यानं आता होत नाही.”

मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची सुरळी, शेजारी फ्रॉकची बाही चघळत बसलेली पोर. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या बाकड्यावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकल्यावर मी पोरीकडे आधी बघतच नाही, पिशवीकडे बघते. अशा घरांचे अर्ज भरून देणं, त्यांच्यासोबत कचेरीत बसणं हे माझं गेल्या काही वर्षांचं काम. “ठेवून घ्या” म्हणणाऱ्या आईला बहुतेक वेळा मूल द्यायचं नसतं. तिला थकलेलं भाडं द्यायचं असतं, नाहीतर रात्रपाळीला जाताना पोर कुणाकडे सोडायची हा प्रश्न असतो. अर्ज खरा असतो, पण चुकीच्या खिडकीवर आलेला असतो. बरोबर खिडक्या कोणत्या आणि तिथे कोणत्या क्रमानं जायचं, ते इथे लिहिते. आई-आजीसाठी आहेच, पण त्यांना हाताला धरून नेणाऱ्या अंगणवाडी सेविका, शिक्षक, शेजारणी यांच्यासाठी जास्त.

कायदा आपल्या बाजूचा आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मधल्या तत्त्वांनुसार मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्था हा सगळं करून झाल्यावरचा शेवटचा उपाय. संस्था नको म्हणून दुसऱ्या कुटुंबात तात्पुरतं ठेवणं, म्हणजे प्रतिपालकत्व, तेही जन्मदात्या घराला आधार देऊन भागत नसेल तरच. निव्वळ गरिबीपायी मूल घरापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय. कचेरीत कुणी “गरिबाला बालगृहच बरं” असं सुनावलं, तर खाली मान घालायचं कारण नाही.

आधी विचारा : नेमकं काय मोडलंय?

फॉर्म हातात घेण्याआधी अर्धा तास बोला. मुलाला बाहेर खेळायला पाठवून बोला. “सांभाळता येत नाही” याची फोड करून घ्या: पैसा नाही, जागा नाही, वेळ नाही, तब्येत नाही, की घरात कुणाची भीती आहे? प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

एक बाई ढाब्यावर भांडी घासायची, दुपारी दोन ते रात्री दहा. सहा वर्षांचा मुलगा तेवढा वेळ खोलीत, बाहेरून कडी लावलेला. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि ती घाबरून मुलाला बोर्डिंगात टाकायला निघाली. बोलता बोलता कळलं, पगारावर तिचं भागत होतं. अडत होती ती वेळ. ढाब्याच्या मालकाशी दोनदा बोलून तिला सकाळची पाळी मिळाली, शाळा सुटल्यावरचा दीड तास गल्लीतल्या एका मावशींनी घेतला. एकही सरकारी योजना लागली नाही. असं नेहमी जमत नाही, पण आधी विचारलंच नसतं तर त्या मुलाची फाईल तयार झाली असती.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर पाळणाघराची चौकशी करा. अंगणवाडी काही तासच चालते, पण केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेखाली काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराची सोय आहे. आपल्या भागात आहे का, ते पर्यवेक्षिकेला विचारा. सेविकेला कधी कधी माहीत नसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं वेगळं. कोयता लागला की आईबाप पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर, आणि मूल एक तर शाळा सोडून सोबत, नाहीतर कुठल्यातरी आश्रमात. मधला रस्ता आहे हंगामी वसतिगृहाचा: मूल गावातच, आपल्याच शाळेत, बहुधा आजी-आजोबांच्या नजरेसमोर राहतं. त्याची यादी शाळेत स्थलांतराआधी होते. दसऱ्यानंतर मुख्याध्यापकांना गाठलं तर उशीर झालेला असतो. गणपतीतच नाव द्या.

कुणाला गाठायचं

तातडी असेल, म्हणजे मूल उपाशी, एकटं, मार खाणारं किंवा रस्त्यावर असेल, तर १०९८. हा फुकटचा नंबर १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणा चालवते. फोन लावला म्हणजे मूल उचलून नेतात, ही भीती बायांमध्ये फार आहे. मदतीसाठी, माहितीसाठी फोन करता येतो, आणि तसंच स्पष्ट सांगावं: “मूल माझ्याजवळच ठेवायचंय, मदत हवीय.”

तातडी नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष. बहुतेक जिल्ह्यांत तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला लागून असतो. तिथे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते बसतात. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष. कागदावर असते, असं म्हणणं जास्त खरं. पण तिच्या ठरावाला वजन आहे. “सदर महिला विधवा असून दोन मुलांचा सांभाळ करते” एवढा ठराव घेऊन गेलात तर पुढची निम्मी विचारपूस वाचते.

कागद : खरी लढाई इथे

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेसाठी (मूल घरीच राहावं म्हणून राज्य सरकार दरमहा पैसा देतं ती) साधारण हे लागतं: विहित नमुन्यातला अर्ज, पालकाचं आणि मुलांचं आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, वडील किंवा आई गेली असल्यास मृत्यूचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि घरासमोर मुलांना घेऊन उभ्या पालकाचा चार बाय सहाचा एक फोटो. या शेवटच्या फोटोपायी बाया फार धास्तावतात. एकजण शेजारणीची पैठणी नेसून आली होती. साधा फोटो काढा, दाराचा पत्रा दिसला तरी दिसू दे. तो फोटो मूल याच घरात राहतं हे दाखवायला आहे.

मृत्यूचा दाखला. मृत्यू २१ दिवसांत नोंदवला तर काही अडचण नाही. घरी गेलेल्या माणसाची नोंद मात्र राहून जाते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. त्यापुढे वर्षाच्या आत वरच्या निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात, म्हणजे कोर्टाची पायरी वाचली. स्मशानाची पावती, दवाखान्याची चिठ्ठी, पोलीस पाटलाचा दाखला, जे असेल ते जपून ठेवा. दहाव्याच्या गडबडीत हे कुणाला सुचत नाही, म्हणून तेराव्यापर्यंत घरातल्या एकाने नोंदीची जबाबदारी घ्यावी, असं मी आता सरळ सांगते.

नवरा मेलेला नाही, निघून गेलाय. हे सगळ्यात अवघड. विधवेकडे दाखला असतो. टाकलेल्या बाईकडे नवरा गेल्याचा पुरावाच नसतो. अशा वेळी ग्रामपंचायतीचा परित्यक्ता असल्याचा दाखला, बाईचं स्वयंघोषणापत्र, पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच आणि पोटगीचा दावा टाकला असेल तर त्याचा क्रमांक, एवढं एकत्र लावा. पोटगीसाठी वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००.

नावातला घोळ. आधारवर ‘सोनाली गणेश’, शाळेच्या दाखल्यावर ‘सोनाली गणपत’. वडील एकच, पण संगणकाला ते दोन वाटतात. अर्ज टाकण्याआधी सगळे कागद सतरंजीवर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचा. चूक दिसली तर शाळेतली नोंद धरून आधार दुरुस्त करायला टाका. हे आधी केलं तर दोन आठवड्यांचं काम, अर्ज परत आल्यावर केलं तर दोन-चार महिन्यांचं.

बँक. खातं आधारला जोडलेलं आणि चालू पाहिजे. गणवेशाच्या पैशासाठी पहिलीत उघडलेलं आणि तेव्हापासून झोपलेलं खातं देऊ नका. शंभर रुपये भरून ते जागं करा, मगच पासबुकाची झेरॉक्स काढा.

उत्पन्नाचा दाखला सेतूमधून तहसीलचा निघतो, त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात विचारताना तलाठीच म्हणा.

आणि पोच! कुठलाही अर्ज द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. “द्या हो, ठेवते मी” म्हणून टेबलावर ठेवलेला अर्ज नंतर कुणालाच आठवत नाही.

कोणता पैसा कुठून

मुलाच्या नावाने मुख्य दोन आहेत. पहिली राज्याची बालसंगोपन योजना: मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, वय अठरापर्यंत. २०२३ च्या आधी ही रक्कम १,१०० होती. मंजुरी बाल कल्याण समितीच्या, म्हणजे मुलाने कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या समितीच्या आदेशाने.

दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच ठेवून त्याच्या खर्चाला मदत: महिन्याला ४,००० रुपये. ते कोणत्या घरांना मिळतं, हे बाल न्याय कायद्याच्या कलम ४५ मध्ये सांगितलंय: आई विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेली; मूल अनाथ पण नातेवाइकांकडे राहणारं; पालकांना जिवावरचा आजार; किंवा अपघाताने पालक सांभाळ करू न शकणारे. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची. मुलाने शाळेत नियमित असणं ही अट आहे, ती हलक्यात घेऊ नका. एकाच मुलासाठी दोन्ही मागू नका. ४,००० मोठे दिसतात, पण कुठल्या योजनेत जागा शिल्लक आहे आणि कुठली यादी लवकर हलते, हे कक्षात विचारून मग ठरवा.

आता कडू गोष्ट. यातला कुठलाही पैसा दर महिन्याच्या एक तारखेला येईल, असं धरून चालू नका. मंजुरीला महिने जातात आणि हप्ते तुंबून एकदम येतात. मूल घरी टिकतं की नाही, ते या मधल्या काळातच ठरतं. म्हणून दुसऱ्या हाताने हे लावून द्या:

रेशन. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. नवरा गेल्यावर बाईचं नाव सासऱ्याच्या कार्डावरच अडकलेलं असतं. वेगळं कार्ड करणं हे माझ्या यादीत सगळ्यात वर असतं.

संजय गांधी निराधार अनुदान योजना, महिना १,५०० रुपये, अर्ज तहसीलला. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी यांना मिळते. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात महिनाभर जगणारं घर कसं असतं, हे ही अट ठरवणाऱ्यांनाच विचारायला हवं. पण अट आहे. लाडकी बहीण आणि निराधार हे दोन्ही पूर्ण मिळत नाहीत, हेही बाईला आधीच सांगा.

कमावता माणूस गेला असेल तर एकरकमी मदती तपासा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,०००. शेतकरी घरात साप चावून, वीज पडून, अपघाताने मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख. नवरा बांधकामावर होता आणि बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदलेला होता, तर विधवेला वर्षाला २४,००० असे पाच वर्षं मिळतात. नोंदणीचं कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी सापडतं. पेटी उपसायला सांगा.

समितीसमोर

बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक स्त्री. कायद्याने महिन्याला किमान वीस दिवस बैठक हवी. तरी निघण्याआधी फोन करून खात्री करा, एका फेरीत बाईची दिवसाची मजुरी बुडते. वकील लागत नाही. मुलाला न्यावं लागतं.

घरातून निघतानाच आईला सांगून ठेवा की समितीपुढे पहिलं वाक्य “ठेवून घ्या” हे नको. ती तेच बोलली तर पुढची सगळी चर्चा कुठल्या संस्थेत जागा आहे याकडे वळते. “मूल माझ्याजवळ राहायला हवं, त्यासाठी एवढं हवंय” असं बोलायचं. मुलाला घोकून घेऊ नका. सदस्य मुलाशी वेगळं बोलतात आणि पाठ केलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं. कलम ३७ नुसार समिती मुलाला देखरेखीसह किंवा देखरेखीशिवाय आईच्याच ताब्यात देऊ शकते आणि प्रायोजकत्वाचा आदेशही करू शकते; पैशाची मंजुरी मात्र वर सांगितलेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची. देखरेख म्हणजे अविश्वास नव्हे. कधीमधी कुणी घरी येऊन बघून जातं.

त्याआधी गृहचौकशी होते. येणारा माणूस चूल, झोपायची जागा, शाळेचं दप्तर बघतो, शेजाऱ्यांना विचारतो. उसनं कपाट आणून ठेवू नका. घरात दारू पिणारं कुणी असेल तर लपवण्यापेक्षा “उपचार सुरू केलाय” हे दाखवणं कधीही चांगलं.

समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते.

दारू, मारहाण, आजार

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, मनाच्या आजारासाठी टेलिमानस १४४१६. हे नंबर घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलेले मी पाहिलेत आणि मला ते आवडतं.

मारहाण असेल तर आईला आणि मुलांना एकत्र बाहेर काढायचं, मुलांना एकटं नाही. १८१ या महिला मदतवाहिनीला फोन, नाहीतर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला. शक्ती सदनात (पूर्वीचं स्वाधार गृह) आई मुलांसह राहू शकते. मुलगा साधारण बारा वर्षांपर्यंतच, त्याहून मोठा असेल तर मामा-मावशीकडची सोय आधी बघून ठेवा. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ प्रमाणे बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे आणि मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेशही तिथेच मागता येतो. बऱ्याचदा घर मारणाऱ्यानं सोडायला हवं, मूल कशाला हलवायचं?

घरातल्याच माणसाकडून मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलाला त्या माणसापासून त्याच दिवशी दूर करायचं. तेव्हाही आजी, आत्या, मावशी यांच्यापैकी कुणी भरवशाचं आहे का, हे समितीसमोर मांडा.

सही करण्याआधी

कुमारी माता, खूप कर्ज झालेलं घर, एकापाठोपाठ मुली झालेलं घर, यांच्याकडे “आम्ही बघतो बाळाचं” म्हणणारं कुणीतरी हमखास येतं. नुसत्या स्टॅम्प पेपरवर मूल देणं कायद्यात बसत नाही, मग घेणारा नात्यातला असो की दवाखान्याच्या ओळखीचा. पैसे घेतले तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होते. कायदेशीर समर्पण, म्हणजे मूल कायमचं सोडून देणं, फक्त बाल कल्याण समितीसमोर, आणि त्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. ही मुदत बाईला वाचता येईल अशा अक्षरात, तारखेसह लिहून द्या. त्या दोन महिन्यांत कुणीतरी तिला दर आठवड्याला भेटायला हवं.

मूल आधीच संस्थेत असेल तर

परत आणता येतं. समितीकडे ताबा मागण्याचा साधा अर्ज करा आणि घरी काय बदललं ते त्यात लिहा: काम लागलं, खोली मिळाली, सासू सोबत राहायला आली. त्याच दिवशी प्रायोजकत्वाचा अर्ज जोडा. संस्थेतून घरी परतणाऱ्या मुलांसाठी ते मुद्दाम ठेवलेलं आहे. लगेच कायमचं जमत नसेल तर रजा मागा. परीक्षा, नात्यातलं लग्न, कुणाचा मृत्यू अशा कारणांसाठी एका वेळी सात दिवसांपर्यंत मूल घरी येऊ शकतं. अशा दोन रजा नीट गेल्या की समितीचाही भरवसा वाढतो आणि मुलाचाही.

घरी आलेलं मूल पहिले काही दिवस घंटेची वाट बघतं. जेवायला बोलावल्याशिवाय उठत नाही, नाहीतर भाकरी उशीखाली ठेवतं. रागवू नका, आणखी एक भाकरी द्या. शाळा सोडल्याचा दाखला संस्थेतून निघतानाच घ्या, वर्षाच्या मध्ये असला तरी. समितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्या. शाळेत, बँकेत, तहसीलला तीच दाखवावी लागते. आणि पहिल्याच आठवड्यात पोराचं नाव रेशनकार्डावर परत चढवा, त्या नावाचं पाच किलो धान्य कुणी घरपोच आणून देत नाही.